शेकाची पिशवी

जूचंद्रच्या भोईरांच्या स्वयंपाकघरात सकाळी सकाळी भांडी जरा जास्तच जोरात वाजू लागली, की शेजारपाजाऱ्यांनी समजून जावं: आज सुनेचं पोट दुखतंय.

जयवंतीबाई तोंडाने फारसं काही बोलायच्या नाहीत. त्यांची पातेली बोलायची, झाकणं बोलायची, आणि राग अगदीच अनावर झाला तर तवा बोलायचा. त्या दिवशी तवासुद्धा बोलला. आतल्या खोलीत पिंकी गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली होती. पाळीचा पहिला दिवस तिला असाच कळा सोसत काढावा लागे. पोटावर तिने टॉवेलात गुंडाळलेली एक निळी, चपटी पिशवी धरली होती. ही पिशवी म्हणजे शेकाचा जेलपॅक. आत घट्टसर निळा लगदा. थोडा वेळ गरम पाण्यात ठेवायची, बाहेर काढून पुसायची, टॉवेलात गुंडाळायची आणि दुखऱ्या जागी लावायची. ऊब संपली की पुन्हा गरम पाणी आणि पुन्हा शेक. पिंकीची मोठी बहीण नताशा विरारला राहायची, तिने लग्नाआधी बहिणीला ही दिली होती. जेलपॅक वगैरे म्हणत कोण बसणार? घरात सगळे नुसतं ‘पिशवी’ म्हणायचे.

“झाला का शेक?” जयवंतीबाईंनी दारातूनच विचारलं. “दर म्हयन्याला यो तमाशा. आमी काय बायका नव्हतो? दोन पोरं झाली मना, चिखलात उभं राहून भात लावला, पन दुखतं म्हनून कदी खाटेवर परली नाय!”

“उठतेच आई. आज कंपनीत तपासणी आहे, मला जायचंच आहे.”

“जा की मंग. आनि ती पिशवी दोरीवर वालत घालू नको. सासऱ्याच्या नजरंला परते.”

पिंकी उठली. पिशवी तिने कपाटात साड्यांच्या मागे दडवली, केस बांधले आणि वालीवच्या कारखान्यात निघून गेली. तिथे दिवसभर उभ्याने काम. तिथेही कुणाला सांगायची सोय नव्हती. विचारलंच कुणी तर “जरा अ‍ॅसिडिटी झालीय” असं म्हणायचं. आपल्याकडे बाईच्या दुखण्याला किती खोटी नावं दिली आहेत, पाहा! डोकं चढलंय, पित्त झालंय, झोप नाही झाली. खरं नाव तेवढं घ्यायचं नाही.

वाचकहो, जयवंतीबाई दुष्ट नव्हत्या बरं का. पिंकी जेवल्याशिवाय त्या स्वतः घास घ्यायच्या नाहीत. पण दुखणं सांगणं म्हणजे कमीपणा, असं त्यांच्या मनाने लहानपणापासून घेतलं होतं. आणि त्यांना स्वतःचा अभिमान होता, तोही काही उगाच नाही. जूचंद्र हे रांगोळीचं गाव. इथले कलाकार जमिनीवर माणसाचा चेहरा असा उतरवतात, की पाहणाऱ्याला वाटावं, आता हा डोळे मिटून उघडेल. त्या कलाकारांत जयवंतीबाईंचं नाव मोठं होतं. दिवाळीच्या प्रदर्शनात त्या सकाळी वाकायच्या, त्या संध्याकाळीच सरळ व्हायच्या. “जयवंतीची कंबर लोखंडाची हाय!” असं गाव म्हणायचं. ते ऐकताना जयवंतीबाई मान खाली घालून हसायच्या, आणि ती कंबर आणखी ताठ करायच्या.

या वर्षी त्या आपल्या आईची रांगोळी काढणार होत्या. आई मिठागरावर कामाला होती. उन्हात चमकणारं मीठ, डोक्यावर टोपली, ताठ मान आणि ताठ कंबर. गावात आता मिठागरावर गेलेल्या बायका फारशा उरल्या नव्हत्या. “आमच्या आयांनी काय कष्ट काढले ते नव्या पोरींना दिसू दे,” असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. घरामागच्या ओट्यावर खडूने आकृती काढून त्यांचा सराव चालला होता.

आणि इथेच एक गोष्ट होती, जी गावाला ठाऊक नव्हती. लोखंडाची कंबर वर्षभरापासून दुखत होती! वाकलं की कळ जायची ती थेट मांडीपर्यंत. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या त्या पदराच्या गाठीत ठेवत आणि पाणी प्यायच्या निमित्ताने गिळत. नवऱ्याला, शांतारामला, पत्ता नव्हता. मुलाला, विघ्नेशला, पत्ता नव्हता. सुनेला तर सांगायचा प्रश्नच नव्हता. तिला ऐकवलेलं सगळं आपल्यावरच उलटलं असतं ना!

दोन दिवसांनी दुपारी घरात कुणी नव्हतं. विघ्नेश आणि पिंकी कामावर, शांताराम नाक्यावर. जयवंतीबाई ओट्यावर आईच्या पायांची आकृती काढायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. सरळ होता येईना. भिंतीला धरून धरून त्या कशाबशा घरात आल्या, आणि त्यांना साड्यांमागची पिशवी आठवली.

“एकदाच बगू या,” त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

पिशवी हातात घेतली खरी, पण गरम कशी करायची? पिंकी काय करते ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. पाहायचं नाही असं ठरवलंच होतं त्यांनी. मात्र शेक कसा तापवतात ते त्यांना लहानपणापासून माहीत होतं. आई मिठागरावरून आली की जाडं मीठ फडक्यात बांधायची, ती पुरचुंडी तव्यावर ठेवायची आणि घराच्या मागे जाऊन, कुणाला दिसणार नाही अशी, कमरेला लावायची. शेक म्हटला की तवा, हे जयवंतीबाईंच्या हाताला पक्कं ठाऊक होतं. त्यांनी गॅस पेटवला, तवा चांगला तापवला आणि त्यावर पिशवी ठेवली.

मिठाच्या पुरचुंडीला तवा सोसतो. प्लॅस्टिकला कसा सोसणार? पिशवी आधी फुगली, मग चिकटली, आणि फट्‌ करून फुटली! निळा लगदा तवाभर पसरला, चर्रचर्र उकळू लागला. घरभर जळका वास सुटला. जयवंतीबाईंनी घाईघाईने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि त्या कमरेवर हात ठेवून मटकन खाली बसल्या. नशीब, हात भाजला नाही. फाटकी पिशवी त्यांनी कचऱ्यात नारळाच्या सालींखाली ढकलली, आणि जन्माचा खराब झालेला तवा कोंबड्यांच्या खुराड्यामागे नेऊन ठेवला.

संध्याकाळी पिंकीने कपाट शोधलं. कचऱ्याच्या डब्यात तिला पिशवी सापडली.

“आई, ही कशी फाटली?”

“मना काय म्हाईत! उंदरांनी कुरतरली असंल,” जयवंतीबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या.

पिंकीने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती पडवीत गेली. तिने बहिणीला फोन लावला. कुंपणापलीकडे चांगुनामावशी कपडे काढत होत्या. चांगुनामावशी मनाने प्रेमळ, पण कानाने फारच तीक्ष्ण बाई. त्यांना संभाषणाचा मधला तुकडाच ऐकू गेला.

“हो गं ताई, पिशवी फाटली. पूर्णच. नाही, शिवून कसली होतेय? काढूनच टाकावी लागली.”

चांगुनामावशींच्या हातातला कपडा खाली पडला! आपल्याकडे बाईने ‘पिशवी’ म्हटलं की त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गर्भाशय हा शब्द पुस्तकात आणि दवाखान्याच्या पाटीवर. घरात, ओट्यावर, नळावर सगळीकडे ती ‘पिशवी’च. पिशवी खाली आली, पिशवीला सूज आली, पिशवी काढली! पुढे पिंकी बहिणीला म्हणाली, “तू दिलेली तशीच दुसरी मागवते,” पण ते ऐकायला मावशी थांबल्याच नाहीत. डोळ्याला पदर लावून त्या आत पळाल्या होत्या.

पुढचं काय सांगायला हवं? दुसऱ्या दिवशी अर्ध्या गावाला कळलं होतं. भोईरांच्या सुनेची पिशवी काढली! लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत तोवर! एक म्हणाली, “पन कालच तर कामावर जाताना दिसली.” तर दुसरी म्हणाली, “आताशा दुर्बिनीतनं कारतात गो, घरी चालत येतं मानूस.” झालं. सगळ्या शंका मिटल्या. पिंकी आणि विघ्नेशच्या कानावर मात्र कुणी काही घातलं नाही.

चांगुनामावशी राजेळी केळ्यांचा घड घेऊन आल्या. जयवंतीबाईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “जयू, मन घट्ट कर गो. देवानं नशिबातच लिवला नाय, त्याला आपन काय करनार? इघ्नेशला समजाव. पोरीला बोल लावू नका.”

“कशाबद्दल बोलतंस गो तू?”

“मना सगलं कललंय. पिशवी गेली ना सुनेची?”

जयवंतीबाईंच्या डोक्यात उजेड पडायला जरा वेळ लागला, आणि पडला तेव्हा त्या आधी हसणारच होत्या. तोंडाशी शब्द आले होते, की अगो बाई, ती पिशवी नव्हे! पण लगेच पुढचे प्रश्न दिसले. मग कुठली पिशवी? कसला शेक? आणि फाटली कशी? फाडली कुणी? कशाला? एक धागा ओढला की सगळं लुगडं उसवणार होतं, आणि त्याच्या शेवटाला जयवंतीची दुखरी कंबर होती.

“बरं,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्यांनी केळी आत नेऊन ठेवली.

तो ‘बरं’ त्यांना फार महागात पडला. गावाला वाटलं, सासूनेच कबूल केलं!

संध्याकाळी शांताराम नाक्यावरून आला, तो काळवंडलेल्या चेहऱ्याने. त्याने हातपाय धुतले, खुर्चीत बसला, आणि भिंतीकडे पाहत म्हणाला, “नाक्यावर लोक काय काय बोलतात. मना कोनी काय सांगितला नाय, मी बी विचारनार नाय. पन एक ऐक. पिंकीला या घरात कोनी उनादुना शब्द बोलायचा नाय. आपन सून आनलीय. पिशवी नाय आनली.”

आयुष्यभर कमी बोलणारा हा माणूस, पण किती मोठं बोलून गेला! त्या क्षणी जयवंतीबाईंना सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण जीभ वळेना. सवयच नव्हती तिला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी फ्लॉसी सिस्टर आल्या. वसईच्या वाडीतल्या या बाईंनी गावच्या दवाखान्यात नर्स म्हणून सगळी नोकरी काढली होती. गावातली निम्मी पोरं त्यांनीच पहिल्यांदा हातात घेतलेली. आता निवृत्त झाल्या होत्या, पण जूचंद्रच्या बायका अजूनही डॉक्टरच्या आधी त्यांनाच फोन करायच्या.

“जयवंती, कुठल्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं गं?” चपला काढता काढताच त्यांनी विचारलं. “आणि मला न विचारता? एवढ्या तरुण मुलीची पिशवी अशी झटपट काढतात का? रिपोर्ट दाखव बघू.”

जयवंतीबाईंनी दार लोटून घेतलं. त्यांना आता राहवेना. मान खाली घालून त्यांनी सगळं सांगितलं. कंबर, गोळ्या, साड्यांमागची पिशवी, तवा, नारळाच्या साली आणि तो ‘बरं’ सुद्धा. तव्याचं ऐकून फ्लॉसी सिस्टरना हसू आवरेना. पदराची गाठ त्यांनी स्वतःच सोडली, गोळ्या पाहिल्या, आणि हसू एकदम मावळलं.

“या कधीपासून खातेस?”

“दुखंल तवा.”

“म्हणजे रोज. आणि रिकाम्या पोटी, हो ना? अगं, या मनाने खायच्या गोळ्या नाहीत! जठराला, मूत्रपिंडाला त्रास होतो. कंबर आधी डॉक्टरांना दाखव. कळ मांडीपर्यंत जाते तर दाखवायलाच हवी. शेकाने स्नायू सैल पडतात, आराम वाटतो, पण आजार लपवायला शेक नसतो. पिंकीलासुद्धा दर महिन्याला एवढं दुखतं तर एकदा तपासून घ्यायला पाहिजे. नेलंस कधी?”

“आमच्यात असलं कोनी बोलत नाय, सिस्टर.”

“तेच तर!” फ्लॉसी सिस्टर पुढे सरकून बसल्या. “बोलत नाहीत म्हणून तर हे झालं. त्या मुलीने स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर पाणी तापवलं असतं, तर तुला पिशवी तव्यावर ठेवायची नाही हे कळलं असतं. पिशवी दोरीवर वाळली असती, तर चांगुनाला ती पिशवी कुठली हे कळलं असतं. काय लपवलं होतं तुम्ही? एक शेकाची पिशवी! जयवंती, सोसणं वाईट नाही. तुझ्या आईने सोसलं, माझ्या आईनेही वाडीत सोसलं. पण त्यांनी सोसलं कारण त्यांना दुसरा इलाज नव्हता. तुमच्याकडे इलाज आहे, तो साड्यांमागे ठेवता, आणि त्याचा अभिमान बाळगता?”

जयवंतीबाई हळूच म्हणाल्या, “आय मिठाची पुरचुंडी घेऊन घरामागं जायची. मी बगायची. मना वाटायचं, ती काय तरी चोरून खातेय.”

फ्लॉसी सिस्टरनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “मला सांगून टाकलंस, बरं केलंस. पण बदनामी पिंकीची झाली आहे. ती मी नाही पुसू शकत. तुलाच पुसावी लागेल.”

दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहात रांगोळ्यांचे चौकोन आखले होते. ज्याच्या त्याच्या चौकोनाशी रंगांच्या वाट्या, चाळण्या, खडू. जयवंतीबाईंची एक रीत गावाला ठाऊक होती. रांगोळीची पहिली चिमूट त्या स्वतः कधी सोडत नसत. घरातल्या कुणाच्या तरी हातून सोडवत, आणि मग वाकत. या वर्षीचा मान त्यांनी गणपतीतच सुनेला देऊन ठेवला होता. पिंकी सुट्टी काढून, नऊवारी नेसून आली होती. विघ्नेश मोबाइल काढून फोटोला तयार होता. पिंकीने वाटीतून पांढरी रांगोळी चिमटीत धरली, आणि ती वाकणार तोच चांगुनामावशी पुढे झाल्या.

“जयू,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, पण सभागृहात ते सगळ्यांनाच ऐकू गेलं, “यंदा पैली चिमूट दुसऱ्या कोनाच्या तरी हातनं सोर गो. शुभ काम हाय. पोरीचा दोष नाय, पन…”

पिंकीचा हात तसाच राहिला. “का? मी काय केलं?”

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या, कुणी रंगाच्या वाट्या उगाच इकडच्या तिकडे केल्या. पिंकीने सासूकडे पाहिलं. तिच्या चिमटीतून रांगोळी थोडी थोडी गळत होती. मागे खुर्चीवर फ्लॉसी सिस्टर बसल्या होत्या. त्या नुसत्या जयवंतीबाईंकडे पाहत राहिल्या.

एका बाजूला आयुष्यभराचं नाव, लोखंडाची कंबर. दुसऱ्या बाजूला ही पोर, काही न समजता भर गावात उभी! आणि जयवंतीबाईंची जीभ, जी घरात कधी वळली नव्हती, ती वळली.

“फाटली!” त्या ओरडल्याच. “पिशवी फाटली, हे खरं हाय! पन बायांनो, ती पोटातली पिशवी नाय गो! पोटावरची! शेकाची पिशवी! ही पोरगी पालीत दुखतं म्हनून पोटावर ठेवते ती! आनि ती उंदरानं नाय कुरतरली. मी फारली! मी, जयवंती भोईरनं!”



“माझी कंबर दुखते,” जयवंतीबाई म्हणाल्या. हे तीन शब्द उच्चारताना त्यांचे डोळे भरून आले. “वरीस झालं. लोखंडाची नाय ती. हारामासाची हाय. सुनेला नावं ठेवली, आनि तिचीच पिशवी चोरून घेतली. मिठाची पुरचुंडी ठेवतात तशी तव्यावर ठेवली! तवा पन गेला माझा!”

आधी कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरी हसली. मग सगळं सभागृह हसायला लागलं, चांगुनामावशी तर डोळे पुसत हसत होत्या. पण जयवंतीबाईंचं बोलून झालं नव्हतं. त्यांनी हात वर केला.

“हसा, माझ्यावर हसा. पन आनखी एक ऐका. समजा, पोटातली पिशवी गेली असती. खरोखर गेली असती. तरी पैली चिमूट हिचीच होती! शुभ-अशुभ मानसाच्या हातात असतं गो, पोटात नसतं!”

शांताराम दाराशी उभा होता. तो कधी सभेत बोलत नसे. आजही बोलला नाही. पण त्याने जोरात एक टाळी वाजवली, मग दुसरी, आणि मग सगळ्यांनी वाजवल्या.

चांगुनामावशी पिंकीजवळ गेल्या. “चुकली गो पोरी. कान माझे लांब, अक्कल आखूर.” आणि आवाज खाली न आणता त्या म्हणाल्या, “माझे गुरघे दुखतात. जिना चरताना रडू येतं मना. तव्यावर नाय ना ठेवायची ती? मंग कशी तापवायची?”

“माझा खांदा धरलाय,” मागून एक आवाज आला. “माझ्या टाचा दुखतात,” दुसरा. मग तर रीघच लागली! वर्षानुवर्षं पित्त आणि अ‍ॅसिडिटी या नावाखाली दडलेली दुखणी आपापल्या खऱ्या नावाने बाहेर येऊ लागली. आता फ्लॉसी सिस्टर उठल्या. पाणी उकळतं नको, पिशवी उघड्या कातडीला लावायची नाही, मध्ये टॉवेल हवा, शेक घेता घेता झोपून जायचं नाही, ताजी मुरगळ किंवा सूज असेल तर शेक नको, असं सगळं त्यांनी रांगोळीच्या चौकोनांमध्ये उभं राहून सांगितलं. पुरुषही ऐकत होते, आणि आश्चर्य म्हणजे कुणी बाहेर गेलं नाही.

पिंकी मात्र पिशवीतून काहीतरी काढत होती. यावेळची पिशवी कापडी होती. तिच्यातून निघाला एक लांबट निळा जेलपॅक, कमरेला बांधायच्या पट्ट्यासकट.

“हा कुनाचा?” जयवंतीबाईंनी विचारलं.

“तुमचा. परवाच आला. कसा द्यावा तेच कळत नव्हतं.” पिंकी हसली. “मला माहीत होतं, आई. त्याच दिवशी संध्याकाळी कोंबड्यांना दाणे टाकायला गेले, तर खुराड्यामागे तवा. निळा निळा. आणि ओट्यावरून उठताना तुमचा हात कमरेवर जातो, तेही दिसायचंच. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही.”

“तू पन लपवलंस?”

“तुमचीच सून ना!”

फ्लॉसी सिस्टरनी शाळेच्या शिपायाकडून गरम पाणी मागवलं. सगळ्या गावासमोर सुनेने सासूच्या कमरेला लुगड्यावरून शेकाचा पट्टा बांधला. मग पिंकीने पहिली चिमूट सोडली, आणि जयवंतीबाई वाकल्या. पण या वर्षी सबंध दिवस वाकून राहिल्या नाहीत. मध्ये मध्ये उठल्या, पाय मोकळे केले, खुर्चीत बसून चहा घेतला. “दमले गो,” असंसुद्धा एकदा मोठ्याने म्हणाल्या.

आईच्या पायांपासून त्या वर गेल्या. मिठाची टोपली काढली, ताठ मान काढली. एक हात टोपलीला लावला. दुसरा हात सरावात त्यांनी खाली मोकळा सोडला होता, इथेही खडूने तसाच आखला होता. त्या हातापाशी त्या बराच वेळ थांबल्या. मग ओल्या फडक्याने त्यांनी खडूची ती रेघ पुसली आणि हात नव्याने काढला. आईचा तो हात आता कमरेवर होता. दुखऱ्या कमरेला आधार देणारा.

संध्याकाळी प्रदर्शन उघडलं, आणि त्या चौकोनाभोवती गर्दी हटेना. मीठ चमकत होतं, मान ताठ होती, चेहरा हसरा होता, आणि तो एक हात कमरेवर. म्हाताऱ्या बायका त्या हाताकडे पाहून थबकायच्या. एकीने वाकून रांगोळीला नमस्कार केला. “ही माझ्या सासूबाईंची आई,” पिंकी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, “आणि काढलीय माझ्या सासूबाईंनी. कंबर दुखत असताना!” ते शेवटचं वाक्य ऐकताना जयवंतीबाईंनी मान खाली घातली नाही. त्यांना वाटलं, आजवर एवढा अभिमान आपल्याला कधी वाटलाच नव्हता. लोखंडाच्या कमरेने काढलेल्या रांगोळीत काय कौतुक! ही हाडामांसाच्या बाईने काढली होती.

दिवाळीनंतर त्या पिंकीला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. दोघींनीही तपासून घेतलं. कमरेचे व्यायाम सुरू झाले, पदराची गाठ सुटली. भोईरांच्या दोरीवर आता दोन निळ्या पिशव्या भर उन्हात, सगळ्यांच्या नजरेसमोर वाळतात, आणि शांतारामने परवा हळूच विचारलं, “तिसरी आनता येईल का? माझा खांदा जरा…”

मित्रहो, बाईने मुकाट्याने सोसावं आणि आपण तिला शाबासकी द्यावी, हा आपला जुना खेळ आता पुरे झाला. जे दुखतं त्याला दुखतं म्हणू या. विचारू या, ऐकू या, आणि हाताशी असलेला साधा इलाज लाजेच्या मागे दडवून ठेवू नये एवढं तरी करू या. दुखणं सांगणारी बाई कमजोर नसते. ते सांगायलाच खरं धैर्य लागतं!

जूचंद्रच्या भोईरांच्या स्वयंपाकघरात सकाळी पातेली आजही वाजतात. शेजारीपाजारी समजून जातात: सासू सुनेच्या शेकाला पाणी तापवतेय.